पोरगी मैदानावर बोलत नाही

माझे बाबा फुटबॉल खेळायचे आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळायचा, हे वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या शेजाऱ्यांना कधी नीट पटलं नाही.

"म्हणजे नोकरी कोणती होती?" ते विचारायचे.

"खेळाची," बाबा म्हणायचे.

"ते झालं हो. पण नोकरी?"

शेवटी आई चहाचा ट्रे घेऊन यायची आणि सांगायची, "कलकत्त्याले कंपनीत होते." मग सगळ्यांचं समाधान व्हायचं. बाबांना या कंपनीचा फार राग यायचा. पाहुणे गेले की ते आईला म्हणायचे, "कोणती वं कंपनी? सांग नं मले बी." आई म्हणायची, "तुमाले लोकाईत राह्यचं हाय का नाई?"

बाबा मूळचे वडनेरचे, शेतीच्या घरातले. हिंगणघाटला मिलच्या मैदानावर मिलचा संघ सराव करायचा, तिथे त्यांनी खेळ उचलला. तिथून नागपूरला एका सरकारी खात्याच्या संघात गेले आणि तिथून कलकत्त्याच्या एका क्लबात. तिथे ते तीन हंगाम खेळले. घरी त्या दिवसांचा एकच फोटो होता. त्यात बाबा इतके बारीक आहेत की त्यांच्या पोटऱ्याच तेवढ्या ओळखू येतात.

त्यांची कलकत्त्याची गोष्ट मला तोंडपाठ आहे. तिसऱ्या हंगामात संघ बाहेरगावी एका मोठ्या स्पर्धेला निघाला. बाबांचं नाव पक्कं होतं. ते बॅग घेऊन स्टेशनवर गेले आणि तिथे त्यांना कळलं की त्यांच्या जागी सेक्रेटरीचा भाचा जातो आहे. भाचा त्यांच्या डोळ्यांदेखत डब्यात चढला. "त्या भाच्याले डाव्या पायानं दार लोटता येत नव्हतं, बॉल काय मारीन!" बाबा म्हणायचे. पुढच्या वर्षी क्लबाने त्यांना ठेवलं नाही आणि ते परत आले. तो भाचा आमच्या जेवणाच्या ताटावर इतक्या वेळा यायचा की लहानपणी मला तो आपल्याच नात्यातला कुणी वाटायचा. दिवाळीला तो का येत नाही, असं मी एकदा विचारलंही होतं.

परत आल्यावर बाबा वर्ध्याच्या एका इंग्रजी शाळेत खेळाचे शिक्षक झाले. मीही त्याच शाळेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्कूटरवरून उतरवलं आणि फाटकाशी सांगितलं, "इथून आत मी सर. घरी बाप. समजलं?" मला समजलं. मला लहानपणापासून गोष्टी लवकर समजायच्या. त्या बोलून दाखवायला वेळ लागायचा. वर्गात इंग्रजी, मैदानावर बाबांची हिंदी, घरी वऱ्हाडी, आणि या तिन्हीत मी कमीच बोलायचे. मैत्रिणी मला शिष्ट समजत. तसं काही नव्हतं. वाक्य मनात पूर्ण तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, एवढंच.

फुटबॉलमध्ये असं होत नसे. तिथे मला वेळेवर सुचायचं.

मुलींचा संघ बाबांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उभा केला. हाफपँटवरून आयांनी तक्रार केली तेव्हा बाबा म्हणाले, "सलवार घाला, पण पळा." पहिलं वर्षभर आम्ही सलवारीचे पाय मोज्यात खोचून खेळलो. मैदान काळ्या मातीचं होतं. पावसाळ्यात तिथे चेंडू रुतायचा आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडायच्या. सरळ येणारा चेंडू भेगेवर आपटून भलतीकडे जायचा. त्यामुळे आमच्याकडच्या मुलामुलींना खाली बघून खेळायची खोड. बाबांची सगळी शिकवणी त्या खोडीविरुद्ध होती. "मान वर! बॉल कुठे भाग के जाता क्या? मान वर!" ते आमच्या हनुवटीखाली हात धरून पळायचे.

मी मागे खेळायचे, गोलकीपरच्या पुढे, अगदी शेवटची. ती जागा मला आवडली कारण तिथून सगळं दिसतं. समोरच्या मुलीने चेंडू कुठे द्यायचं ठरवलं आहे हे तिच्या खांद्यावरून कळतं. मी तिथे जाऊन आधीच उभी राहायचे. चिखलात लोळून चेंडू काढायची वेळ माझ्यावर फारशी येत नसे. बाबा कधी मोठ्याने कौतुक करत नसत, पण एकदा दुसऱ्या शाळेच्या सरांना त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं, "माह्या पोरीले आगाऊ दिसते." ते वाक्य मी बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं.

माझ्यात एक उणीव होती. मागे खेळणाऱ्याने पुढच्यांना आवाज द्यायचा असतो: मागे माणूस आहे, सोड, डावीकडे. मला सगळं दिसायचं, पण ओरडता यायचं नाही. बाबा बाहेरून ओरडायचे, "अरे मुंह खोल!" मी तोंड उघडायचे आणि आवाज निघेपर्यंत चेंडू निघून गेलेला असायचा. मग मीच पळत जाऊन त्या मुलीच्या मागचं काम करून यायचे. काम व्हायचं. आवाज व्हायचा नाही.

संघात बाहेरच्याही मुली होत्या. त्यातली एक आंजीहून एसटीने यायची. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली, डाव्या पायाची, अनवाणी पळायची सवय असलेली. बूट घातले की तिची चाल बिघडायची. आम्ही दोघी सरावानंतर नळावर पाय धुवायचो. ती इतकी बोलायची की माझं न बोलणं तिथे लपून जायचं. "तू काऊन बोलत नाई वं? दात पडले काय?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढचं सांगायला लागायची. माझं तिच्याशी चांगलं जमायचं.

आमच्या घरची एक रीत होती आणि ती आमच्याकडच्या बऱ्याच घरांत असेल. पाहुण्याला आधी, घरच्याला शेवटी. पंगतीत आई मला हाताने मागे ओढायची, "आपण घरचे, आपण मागून." बाबांनी ही रीत मैदानावर नेली. पाण्याचा जग फिरला की माझ्यापर्यंत शेवटी यायचा. नवे बूट आले तेव्हा उरलेला जोड मला मिळाला, एक नंबर मोठा. चूक दोघींची असली की जादा फेऱ्या मला. मी कधी कुरकुर केली नाही. मला त्यात आपलेपणाच वाटायचा. बाकीच्यांना ते सर होते. माझ्याशी त्यांना सभ्यपणे वागायची गरज नव्हती.

मी दहावीच्या आगेमागे असेन तेव्हा विभागाचा मुलींचा संघ निवडायची चाचणी वर्ध्याला झाली. निवडलेल्या मुली राज्य स्पर्धेला कोल्हापूरला जाणार होत्या. बाबा सांगायचे, कोल्हापुरात लोक झाडांवर चढून फुटबॉल बघतात. मला ते झाड बघायचं होतं. खरं सांगायचं तर मला आयुष्यात तोपर्यंत एवढं काहीच हवं वाटलं नव्हतं. परीक्षेत नंबर यायचा तो आपोआप येत होता. हे मी मागत होते, मनातल्या मनात का होईना.

निवड समितीत तिघं होती: नागपूरच्या एक मॅडम, चंद्रपूरचे एक सर आणि बाबा. दोन सामने खेळवले. मी दोन्हीत खेळले. दुसऱ्या सामन्यात भंडाऱ्याकडची एक उंच मुलगी एकटीच चेंडू घेऊन आली. मी तिच्या खांद्याकडे बघितलं, एक पाऊल आधीच डावीकडे टाकलं आणि चेंडू तिच्या पायातून अलगद काढून घेतला. ती माझ्याकडे बघून हसली. मॅडमनी खुर्चीत पुढे सरकून कुणाला तरी माझा नंबर विचारला. हे मला मैदानातून दिसलं. मला दिसतंच.

समिती खोलीत गेली. आम्ही व्हरांड्यात केळी खात बसलो. मग चंद्रपूरच्या सरांनी बाहेर येऊन नावं वाचली. आंजीच्या मुलीचं नाव आलं तेव्हा तिने माझा हात इतका जोरात दाबला की नख लागलं. माझं नाव आलं नाही. वाचून संपलं तरी मी थोडा वेळ ऐकत राहिले.

 घरी आल्यावर बाबा पाणी प्याले आणि तांब्या खाली ठेवून म्हणाले, "कमिटीचं म्हणणं पडलं, का पोरगी चांगली हाय, पण मैदानावर बोलत नाई. मागच्यानं आवाज देला पाह्यजे. आता मी काय करू? तुह्यं नाव निघालं का मले तं उठून बाहेर जा लागते. घरचं कोणी असलं का थो नियमच हाय. मी बाहेर उभा होतो."

मी मान हलवली.

"पुढच्या साली पाहू," ते म्हणाले. "आवाजावर मेहनत करजो."

त्या संध्याकाळी मला स्वतःपेक्षा बाबांचं जास्त वाईट वाटलं. आत आपल्या मुलीला नको म्हणताहेत आणि बाबा मागच्या दारापाशी भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर यायचं. जेवताना मी त्यांना हसून दाखवलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी पोळीही जास्त खाल्ली.

आवाजावर मी मेहनत केली. घरी कुणी नसताना बाथरूममध्ये नळ सोडून ओरडायचे, "मागे बघ! सोड! माझा!" नळाच्या वर आवाज गेला की मला स्वतःचीच भीती वाटायची. मैदानावर तो आवाज यायचा नाही. आणि आता त्याबद्दल विचार करायला लागल्यामुळे आणखीच वाईट झालं. ओरडायचं की नाही या विचारात मला समोरच्या मुलीचे खांदे दिसेनासे झाले. जे येत होतं तेही जायला लागलं. अकरावीत मी अभ्यासाचं कारण सांगून खेळणं सोडलं. बाबा म्हणाले, "ठीक हाय. तुह्यं डोकं हाय अभ्यासाचं." त्यांनी आग्रह केला नाही याचं मला नवल वाटलं नाही. कमिटीनेच सांगितलं होतं.

ते वाक्य मग माझ्याबरोबर सगळीकडे आलं. कॉलेजात सेमिनारला माझी पाळी आली की मी मैत्रिणीला टिपणं देऊन टाकायचे. नागपूरला नोकरीच्या मुलाखतीत एका गृहस्थांनी "तुम्ही जरा मोकळं बोला" म्हटलं तेव्हा मला वाटलं, झालं, इथेही कळलं. एक स्थळ आलं होतं, त्यांनी निरोप दिला: मुलगी छान आहे पण बोलत नाही. आई रडली. मी रडले नाही. ही बातमी मला जुनी होती. जाणकार अशा तीन माणसांनी पूर्ण दोन सामने बघून माझ्याबद्दल जे ठरवलं होतं, ते मी अंतिम धरून चालले होते. त्यातले बाबा तर बाहेर उभे होते, म्हणजे दोघांनी. नागपूरच्या मॅडम मला आठवायच्या. त्या पुढे सरकल्या होत्या हेही आठवायचं, पण त्याचा अर्थ मी वेगळा लावायचे: जवळून बघितलं आणि नको म्हटलं.

इकडे बाबांचं नाव वाढत गेलं. "सरांची पोरगी असून लागली नाही, म्हणजे निवड साफ," असं लोक म्हणायचे. त्यांना विभागाच्या मुलींचं प्रशिक्षकपद मिळालं, मग राज्याच्या छोट्या गटाच्या संघाबरोबर ते दोनदा गेले. आंजीची खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागली. आमच्या घरी पेढे घेऊन आली तेव्हा बाबांच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "तुह्या बापानं माह्यं कल्याण केलं वं." मला खरंच आनंद झाला होता. ते लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्ध्यात एका हॉलमध्ये सत्कार ठेवला. दोन हजारचं दशक अर्धं उलटलं होतं. मी नागपूरहून आले. शाल, नारळ, हार झाले. भाषणांत दर दुसऱ्या माणसाने "मान वर" म्हटलं आणि लोक हसले. नागपूरच्या मॅडम आल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. आंजीची गणवेशातच आली होती, ड्यूटीवरून, ठाण्यातल्या दोघांबरोबर. आई आणि मी पहिल्या रांगेत.

बाबा उत्तर द्यायला उभे राहिले. आधी कलकत्ता, मग स्टेशन, मग भाचा. मला वाटलं आता दार लोटायचं येईल आणि लोक हसतील. ते आलं, लोक हसले. मग बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी स्टेशनावर मी एक शपथ घेतली होती," ते म्हणाले. माइकवर त्यांची भाषा जरा शहरी व्हायची. "की माझ्या हातात कधी निवड आली, तर माझ्या घरचं माणूस मी गाडीत चढवणार नाही. आणि तशी वेळ आली. माझी मुलगी चाचणीला होती. नियम असा की घरच्याचं नाव निघालं तर मी उठून बाहेर जावं. मी उठलो नाही. कारण मी उठलो असतो तर समितीतल्या बाकी दोघांनी तिला घेतलं असतं. मॅडम बसल्या आहेत, विचारा त्यांना. नाव त्यांनी धरलंच होतं. मी बसून राहिलो आणि म्हटलं, ही माझी मुलगी, हिला काढा. आणि त्या जागी आंजीच्या एका गरीब घरच्या मुलीला पाठवलं. ती आज तुमच्यासमोर वर्दीत उभी आहे."

टाळ्या इतक्या वाजल्या की पुढचं मला ऐकू आलं नाही. लोक उभे राहिले. माझ्यामागच्या कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं. आई पदराने डोळे पुसत होती. मला उभं राहायला सांगितलं, मी उभी राहिले. दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला. मी "धन्यवाद" म्हटलं आणि बसले. त्यालाही टाळ्या वाजल्या. म्हणजे मी बोलत नाही हे सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि आवडतही होतं.

जेवणाच्या वेळी मॅडम माझ्याजवळ आल्या. "तुझ्या नावावर चर्चाच नव्हती," त्या म्हणाल्या. "मागे खेळणारी एवढी शांत डोक्याची मुलगी मी तेव्हा पाहिली नव्हती. सर म्हणाले काढा, तेव्हा आम्ही भांडलो. शेवटी वाटलं, घरात तुमचं ठरलं असेल."

"मी बोलत नाही, असं तुम्ही म्हणाला होता?" मी विचारलं.

त्यांना कळेना. "म्हणजे?"

"मैदानावर. आवाज देत नाही म्हणून."

"छे गं. कोण म्हणालं?"

मी त्यांना सांगितलं नाही.

आंजीची हात धुवायच्या जागी एकटी उभी होती. टोपी तिने काखेत दाबली होती. तिने मला बाजूला घेतलं. "म्हणजे मी तुह्या जागेवर गेलती काय वं?"

"मला आजच कळलं."

"मले सरनं तवा सांगतलं होतं, का तुह्यं नाव सगळ्याईच्या आंधी घेतलं आमी." ती हॉलच्या दाराकडे बघत होती, तिथे लोक बाबांबरोबर फोटो काढत होते. "गरीब घरची पोरगी. आता ठाण्यातले बी ऐकून गेले नं थे. मी कोल्हापूरले तीन गोल मारले होते, थे नाई सांगतलं सरनं."

  मग तिने टोपी घातली आणि न जेवता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात हारांची फुलं सुटी करत बसले होते. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. मी आधी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मालूम होतं," आई म्हणाली. शेंगा मोडायच्या थांबल्या नाहीत. "तवाच सांगतलं त्याईनं मले. घरचं हाय, घरात राहू दे म्हटलं."

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. वाक्य रात्रीच तयार करून ठेवलं होतं. "बाबा, मला काढलंत ते काढलंत. पण कमिटी म्हणाली मी बोलत नाही, हे का सांगितलंत? ते कुणीच म्हणालं नव्हतं."

बाबांनी वर बघितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "लहान होती तू. काहीतरी सांगा लागत होतं."

"काहीतरी?"

"मंग काय सांगू? मी काढलं म्हटलं असतं तं बापाचं तोंड पाह्यलं नसतं तू."

"मी खेळणं सोडलं, बाबा. त्या वाक्यामुळे."

"अवं, तुले काय कमी पडलं? शिकली, नोकरी लागली. थ्या पोट्टीले दुसरं काय होतं सांग."

"मग तिला तरी खरं सांगायचं. ती चांगली खेळायची म्हणून पाठवली, असं काल म्हणायचं. गरीब का म्हणालात?"

 बाबा झेंडूच्या पाकळ्या परातीत टाकत राहिले. मला तेव्हा हेही दिसलं की हे गरिबीचं कारण त्यांना नंतर सापडलं होतं. चाचणीच्या दिवशी त्या खोलीत आंजीची नव्हती आणि मीही नव्हते. तिथे फक्त बाबा आणि तो भाचा होता. भाच्याला गाडीतून खाली उतरवायला त्यांना त्याच्यासारखंच नात्यातलं कुणीतरी हवं होतं, आणि घरात मी होते. फरक एवढाच की त्या भाच्याला खेळता येत नव्हतं.

"एकदा म्हणा," मी म्हटलं. "कमिटी तसं म्हणाली नव्हती, ते मी रचलं होतं, एवढं मला एकदा म्हणा."

बाबांनी परात बाजूला सरकवली. माझ्याकडे त्यांनी फार मायेने बघितलं, आणि ते म्हणाले, "पण खरंच बोलत नव्हती नं वं तू?"

मी आत गेले. दुपारच्या गाडीने नागपूरला परतले. पुढे फोनवर आम्ही प्रकृतीचं, पावसाचं बोलत राहिलो. मला वाटत होतं, त्यांना वेळ लागेल, पण एवढं मी मागितलं आहे म्हटल्यावर ते कधीतरी देतील. तेवढंच मला त्यांच्याकडून हवं होतं.

वर्षभराने शाळेतल्या मुलींच्या स्पर्धेचं बक्षीस वाटायला बाबांना बोलावलं. मी सुट्टीला घरी होते. आई म्हणाली, जाऊन ये, त्यांना बरं वाटेल. मी मागच्या रांगेत पालकांमध्ये बसले. बाबांनी खेळाडू मुलींना कलकत्ता सांगितलं, स्टेशन सांगितलं, भाचा सांगितला. मग चाचणी. आंजीच्या मुलीबद्दल या वेळी त्यांनी "एक गुणी खेळाडू" म्हटलं, गरीब म्हटलं नाही. मी खुर्चीत पुढे सरकले.

"आणि माझ्या मुलीचं मोठेपण बघा," बाबा म्हणाले, आणि ते अगदी मनापासून बोलत होते. "आजपर्यंत तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, की बाबा, तुम्ही असं का केलं."

टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारी एक आई बसली होती, तिची मुलगी समोर लाल जर्सीत होती. ती मला ओळखत नव्हती. टाळ्या वाजवत ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अशी लेकरं भेटाले नशीब लागते, नाई?"

"मी विचारलं होतं," मी म्हटलं.

"आँ?"

"ती मुलगी मी. मी विचारलं होतं त्यांना."

आवाज चढला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून बघितलं. त्या बाईचे हात तसेच एकमेकांजवळ थांबले. तिने स्टेजकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तिने मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "मंग? काय म्हणाले?"

मी तिला सगळं सांगितलं. समोर लाल आणि निळ्या जर्सीतल्या मुली एकेक करून बाबांच्या पाया पडत होत्या, आणि बाबा प्रत्येकीच्या हनुवटीखाली हात धरून तिची मान वर करत होते.